टॉवेल रेल वरून गारच: हवा काढली तरी पुन्हा का धरते?

बाथरूममधली टॉवेल रेल, म्हणजे टॉवेल टाकायचा शिडीसारखा रेडिएटर, खालून चटका बसेल इतकी तापते आणि वरच्या तीन-चार आडव्या नळ्या मात्र गारढोण. बॉयलर चालू आहे, बाकीचे रेडिएटर व्यवस्थित गरम आहेत. म्हणजे आत हवा धरली आहे. रेलवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल करून ती सोडून देणं हे पाच-दहा मिनिटांचं काम. पण थोड्या दिवसांत रेल पुन्हा तशीच होत असेल, तर नुसती हवा सोडत बसण्यात अर्थ नाही, ती येते कुठून हे शोधायला हवं. त्यासाठी सगळ्यात कामाची वस्तू बॉयलरवरच असते: प्रेशर गेज. स्क्रूला हात लावायच्या आधी, सगळं गार असताना काटा कुठे आहे ते बघा आणि तारीख घालून लिहून ठेवा. पुढचा निम्मा तपास त्या एका आकड्यावर होतो.

हे सगळं बॉयलरच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या रेलबद्दल आहे. तुमची रेल नुसत्या विजेवर चालत असेल आणि कुठल्याच पाइपाला जोडलेली नसेल, तर तिचा स्क्रू उघडू नका. काहींमध्ये कोरडी हीटिंग केबल असते, तिथे सोडण्यासारखं काही नसतंच. द्रव भरलेली असेल तर वरच्या बाजूला थोडी हवा मुद्दाम ठेवलेली असते, कारण द्रव तापला की फुगतो आणि त्याला जागा लागते. ती जागा भरून टाकली तर दाब वाढून सांधे गळायला लागतात. अशा रेलची सगळ्यात वरची नळी जरा कोमटच राहते. तो दोष नव्हे.

आधी खात्री करा, हवाच आहे ना?

रेलवरचे टॉवेल काढून ठेवा, हीटिंग सुरू करून अर्धा तास जाऊ द्या आणि हाताची मागची बाजू नळ्यांना अलगद टेकवत खालून वर जा. एका नळीपर्यंत गरम आणि तिच्या वरची एकदम गार, अशी स्पष्ट सीमा लागली तर हवा. पंप चालू असताना आत खळखळ ऐकू येत असेल तर शंकाच नको.

उलट प्रकार, म्हणजे वर गरम आणि तळाच्या नळ्या गार, असेल तर तळाशी गाळ बसला आहे. तिथे हवा काढून काही होणार नाही. एक उभा खांब गरम आणि दुसरा गार राहत असेल तर पाणी पूर्ण फिरत नाही. एखादा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असतो किंवा त्याच्या तोंडाशी गाळ अडकलेला असतो.

रेल सगळीच गार असेल तर पहिला संशय थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हवर घ्या. बाथरूममध्ये तो पुष्कळदा फसवतो. अंघोळीच्या वाफेने खोली गरम झाली की तो आपलं काम चोख करून रेल बंद करतो, आणि आपण स्क्रू ड्रायव्हर शोधत फिरतो. मुंडी काढल्यावर आत एक बारीक पिन दिसते. बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने दाबल्यावर ती थोडी आत जाऊन परत बाहेर यायला हवी. अडकली असेल तर व्हॉल्व्हच्या अंगावर हलकेच ठोका, वरून तेलाचा एखादा थेंब सोडा. पकडीने ओढू मात्र नका. पिन बाहेर आली तर पाण्याची चिळकांडी उडेल आणि ती थांबवायची कशी हे तेव्हा सुचत नाही.

हवा सोडताना

हीटिंग बंद करा, पंप थांबू द्या, रेल हात ठेवता येईल इतकी निवू द्या. बंद करण्यामागे भाजण्याची भीती तर आहेच, शिवाय पंप चालू असताना पाणी हवेचे बुडबुडे सोबत घेऊन फिरत असतं. पंप थांबला की ते सावकाश वर येऊन एका जागी जमतात. काही जोडण्यांमध्ये पंप पाणी खेचत असताना स्क्रू उघडला तर हवा बाहेर येण्याऐवजी आत जाते, तो धोकाही टळतो. खालचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असू द्या.

आता स्क्रू. रेडिएटरच्या कडेला चौकोनी तोंडाचा, चावीने फिरवायचा स्क्रू ठळक दिसतो, तसा तो रेलवर सापडेलच असं नाही. सहसा उभ्या खांबाच्या टोकाला किंवा वरच्या भागात मागच्या बाजूला असतो आणि त्यावर क्रोमची छोटी टोपी बसवलेली असते. टोपी निघाली की मधोमध आडवी खाच असलेला पितळी स्क्रू दिसतो. दुसऱ्या खांबावर अगदी तशीच टोपी असली तरी तिच्याखाली पुष्कळदा नुसतं बूच असतं, तेव्हा बारीक छिद्र कुठे आहे ते आधी नीट बघून घ्या.

खाचेत पुरा बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. पितळ मऊ असतं, लहान पात्याने खाच एकदा सोलवटली की पुढचं काम अवघड. छिद्राखाली जुनं फडकं आणि छोटा कप धरा. भिंतीवर आणि फरशीच्या सांध्यांवर पाणी उडू देऊ नका, सिस्टीममधलं पाणी काळपट असतं आणि त्याचे डाग हट्टी असतात.

घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, फार तर अर्धा. फुस्स आवाज सुरू झाला की हात थांबवा. हवा तिच्या गतीने जाऊ द्या, जास्त उघडून ती लवकर जाईल असं नाही, स्क्रू हातात येईल इतकंच. आवाज आधी एकसारखा असतो, मग तुटक होतो, मधेमधे पाण्याचे शिंतोडे येतात, थुंकल्यासारखे. लोक इथेच स्क्रू बंद करतात आणि वरच्या नळीत हवेचा शेवटचा पट्टा राहून जातो. शिंतोडे थांबून बारीक, अखंड धार लागली की मगच बंद करा. स्क्रू बसेपर्यंत फिरवा आणि किंचित आवळा. ताकद लावायचं कारण नाही.

बंद करूनही थेंब येत राहिला तर आणखी आवळू नका. बसायच्या जागेवर बहुधा कचऱ्याचा कण अडकलेला असतो. स्क्रू पुन्हा जरासा उघडा, क्षणभर धार जाऊ द्या, परत बंद करा. कण निघून जातो आणि थेंब थांबतो.

शेवटी प्रेशर गेज. हवा गेली तेवढा दाब उतरलेला असेल. बहुतेक घरगुती बंद सिस्टीममध्ये गार असताना १ ते १.५ बार दाब अपेक्षित असतो, नेमका आकडा बॉयलरच्या पुस्तिकेत मिळेल. कमी असेल तर भरणीच्या नळीने, म्हणजे नळाचं पाणी सिस्टीममध्ये घेणाऱ्या जोडणीने, पाणी घ्या आणि तिच्या दोन्ही तोट्या पक्क्या बंद करा. मग हीटिंग लावून अर्ध्या तासाने वरची नळी तपासा. अनेक रेडिएटरांत हवा असेल तर खालच्या मजल्यापासून सुरुवात करा आणि वरच्या मजल्यावरची टॉवेल रेल शेवटी घ्या.

स्क्रू उघडला, काहीच आलं नाही

गेज पुन्हा बघा. पाण्याचा दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब खर्च होतो. बॉयलर खालच्या मजल्यावर आहे, रेलचं टोक गेजपासून ५ मीटर वर आहे, तर रेलपाशी गेजपेक्षा अर्धा बार कमी दाब असतो. गेज ०.४ दाखवत असेल तर त्या टोकाला हवा बाहेर ढकलायला काहीच उरत नाही. स्क्रू उघडल्यावर उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. तुम्ही हवा काढताय असं समजून ती भरत असता. म्हणून दाब कमी असेल तर आधी पाणी भरा, १.५ बारच्या आसपास न्या, मगच स्क्रू उघडा.

दाब ठीक असूनही कोरडंच असेल तर छिद्रात रंग, चुना किंवा गंज बसलेला असू शकतो. बारीक तारेने तोंड मोकळं करून बघा.

तरीही काही नाही, तर हवा रेलमध्ये नसून तिच्याकडे येणाऱ्या पाइपात अडकली असेल. पाइप कुठेतरी वर चढून पुन्हा खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा बसते आणि पाणी पुढे सरकत नाही. यासाठी एक सोपी युक्ती आहे. खालच्या दोन व्हॉल्व्हांपैकी एक बंद करा आणि वरचा स्क्रू उघडा. धार आली तर ती बाजू मोकळी आहे. मग स्क्रू बंद करून व्हॉल्व्हांची अदलाबदल करा आणि पुन्हा बघा. ज्या बाजूने धार येत नाही तिथेच हवा किंवा गाळ आहे. दोष कोणत्या पाइपात आहे हे कळतंच, शिवाय सगळा दाब एकाच बाजूने आल्यामुळे अडकलेली हवा पुष्कळदा तिथल्या तिथे सुटते. दोन्ही व्हॉल्व्हांपैकी टोपीखालचा, म्हणजे पाण्याचा वाटा ठरवून ठेवणारा लॉकशील्ड व्हॉल्व्ह, बंद करण्याआधी तो किती फेऱ्यांत बंद होतो ते मोजून ठेवा आणि नंतर तितकाच उघडा, नाहीतर घरातल्या सगळ्या रेडिएटरांचं गणित बिघडेल.

यानेही सुटली नाही तर घरातले बाकीचे सगळे रेडिएटर थोडा वेळ बंद करून फक्त रेल उघडी ठेवा आणि हीटिंग लावा. पंपाचा सगळा जोर एकाच वाटेने आला की पाइपातली हवा रेलमध्ये ढकलली जाते, आणि तिथून ती नेहमीच्या पद्धतीने काढता येते. हे चालू असताना बॉयलरजवळ उभं राहा आणि काही मिनिटांत आटपा.

एक बारीकसारीक वाटणारी गोष्ट: रेल भिंतीवर सरळ आहे का? स्क्रू डाव्या खांबावर आणि रेल उजवीकडे किंचित उंच, अशी बसवलेली असेल तर उजव्या कोपऱ्यातली हवा स्क्रूपर्यंत येतच नाही. वरच्या नळीवर लेव्हल ठेवून बघा. तात्पुरता उपाय म्हणजे दुसऱ्या खांबाच्या बुचाच्या जागी हवा सोडायचा स्क्रू बसवून घेणं.

दर थोड्या दिवसांनी तेच

सिस्टीम नुकतीच रिकामी करून भरली असेल, तर पहिले काही दिवस हवा निघत राहणं साहजिक आहे. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. पाणी तापलं आणि दाब कमी झाला की ती सुटी होते. घरात सगळ्यात कमी दाब सगळ्यात उंच जागी, आणि ती जागा पुष्कळदा वरच्या बाथरूममधली रेल. त्यामुळे सबंध घरातली हवा तिच्या गळ्यात पडते. रेलचा यात काही गुन्हा नाही.

पण ते दिवस उलटून गेले आणि हवा थांबली नाही, तर लिहून ठेवलेला आकडा काढा. प्रश्न एकच: दोन वेळा हवा काढण्याच्या मधल्या काळात, तुम्ही काहीही न करता, गार असताना काटा खाली येतो का?

येत असेल तर पाणी कुठेतरी जातं आहे. तुम्ही ते भरून काढता, ताज्या पाण्यातून हवा येते, ती रेलमध्ये जमते. म्हणजे गळती शोधायची. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, नटांच्या कडेला, स्क्रूच्या तोंडाशी बघा. गरम पाइपावरचा थेंब तिथेच सुकून जातो, म्हणून ओल शोधण्यापेक्षा हिरवट किंवा पांढरी पुटं शोधा. संशयाच्या जागी रात्री टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला तर सकाळी डाग सांगतो.

बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा उतरतोच, तर बॉयलरच्या एक्स्पान्शन व्हेसलकडे वळा. पाणी २० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की साधारण २ टक्के फुगतं. ते वाढीव पाणी या डब्यात जातं, आत रबरी पडद्याच्या पलीकडे हवा भरलेली असते. ती हवा गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. हीटिंग चालू असताना काटा ३ बारकडे धावतो, सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो, आणि गार झाल्यावर काटा शून्याजवळ जाऊन बसतो. आपण पाणी भरतो आणि दुसऱ्या दिवशी तेच. गार आणि गरम असतानाच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर घराबाहेर निघालेल्या त्या सुरक्षा पाइपाच्या तोंडाशी ओल आहे का बघा. व्हेसल तपासणं, त्यात हवा भरणं किंवा ते बदलणं हे काम बॉयलरच्या परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. बॉयलरचं झाकण आपण उघडायचं नाही.

गेजच नसेल आणि माळ्यावर छोटी टाकी असेल, तर तिचा तरंगता गोळा अडकला आहे का बघा. टाकी कोरडी पडली की पाण्याबरोबर हवाच आत जाते. टाकीत पाणी असूनही हवा येत असेल, तर पंप आणि वर जाणारा मोकळा पाइप यांची जोडणी चुकलेली असू शकते. पंप चालू झाला की त्या पाइपातून टाकीत पाणी पडतं किंवा त्यातून हवा ओढली जाते. त्यासाठी पाइप बदलावे लागतात, स्क्रू उघडून ते भागत नाही.

आता दुसरी शक्यता, जी कमी लोकांच्या लक्षात येते. काटा हलत नाही, कुठे गळती नाही, मधल्या काळात पाणी भरावं लागत नाही, तरी रेल ठरावीक काळाने वरून गार होते. मग आत जमतं ते काय? ते सहसा हायड्रोजन असतं. सिस्टीममधला ऑक्सिजन संपल्यावरही पोलाद पाण्यात गंजत राहतं. त्यातून काळा लोहऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, तयार होतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. तळाचा काळा गाळ आणि वरचा वायू ही एकाच गंजाची दोन टोकं. रेल वरून गार आणि काही महिन्यांनी खालूनही गार व्हायला लागते ती यामुळेच. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून स्क्रू उघडताना जवळ काडी, लायटर, सिगारेट नको. 'पेटवून बघतो' हा जुना प्रयोग तर मुळीच नको. खिडकी उघडी ठेवा.

तपासायला साधा लोहचुंबक पुरे. कपात जमलेलं पाणी पारदर्शक ग्लासात ओता, काचेला बाहेरून चुंबक लावून थोडा वेळ तसंच ठेवा. काळी पूड चुंबकाच्या बाजूला ओढली जाऊन काचेवर मिशीसारखी उभी राहिली, की मॅग्नेटाइट. अशा वेळी नुसती हवा सोडत राहिलात तर दर खेपेला थोडं ताजं पाणी भरावं लागतं, त्यातून नवा ऑक्सिजन येतो आणि गंजाला खुराक मिळतो.

उपाय म्हणजे सिस्टीम धुऊन घेणं, परतीच्या पाइपावर चुंबकी फिल्टर बसवणं आणि पाण्यात इनहिबिटर, म्हणजे गंजरोधक, घालणं. गाळ फार नसेल तर निदान इनहिबिटर स्वतः घालता येतो, आणि त्यासाठी टॉवेल रेलइतकी सोयीची जागा नाही. गार असताना रेलचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, लॉकशील्डचे फेरे मोजून. तळाशी एका बाजूचा जोडनट किंचित सैल करून वरचा स्क्रू उघडा, म्हणजे रेलमधलं पाणी खालच्या भांड्यात उतरेल. खालचं भांडं पसरट घ्या आणि फरशीवर जुने कपडे अंथरा. इनहिबिटरच्या बाटलीत मावेल त्याहून जरा जास्त पाणी निघालं की नट आवळा. वरचं बूच पूर्ण काढून नरसाळ्याने औषध ओता, बूच लावा, व्हॉल्व्ह उघडा, हवा काढा, दाब भरा आणि हीटिंग काही तास चालू ठेवा म्हणजे औषध सगळीकडे फिरेल. एक बाटली किती लिटर पाण्याला पुरते ते तिच्यावर लिहिलेलं असतं. दोन वेगळ्या कंपन्यांची औषधं मिसळू नका. रेलमध्ये विजेचा एलिमेंटही बसवलेला असेल तर हे काम करताना त्याचा स्विच बंदच हवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना तो चालू केला तर तापलेलं पाणी फुगून जायला वाट राहत नाही, आणि रेल रिकामी असताना चालू केला तर एलिमेंट जळतो.

उरलेल्या कारणांपैकी दोन सांगण्यासारखी. जमिनीखालचे जुने प्लॅस्टिक पाइप ऑक्सिजन अडवणाऱ्या थराचे नसतील तर ऑक्सिजन पाइपाच्या भिंतीतून आत झिरपत राहतो. पाइप बदलणं जमलं नाही तर गंजरोधकाचं प्रमाण सांभाळणं हाच मार्ग. आणि काही घरांत रेल हीटिंगच्या बंद चक्राला न जोडता अंघोळीच्या गरम पाण्याच्या चक्राला जोडलेली असते. तिथून रोज ताजं पाणी वाहतं, म्हणून हवा येणं अटळ. तिथे गंजरोधक घालायचाच नाही, ते पाणी आपण वापरतो. अशा जागी साधी पोलादी रेल आतून गंजून भोकं पडतात, स्टेनलेस स्टील किंवा पितळेचीच हवी.

आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवून टाकावा, असंही बरेच जण सुचवतात. नव्याने भरलेल्या सिस्टीमपुरता तो ठीक आहे. पण कारण गंज असेल तर तो वायू गुपचूप सोडत राहतो, रेल गरम दिसते आणि तळाचा गाळ वाढत जातो. वर दाब कमी असेल तर त्यातूनच हवा आत शिरते, ती वेगळी. माझं मत विचाराल तर कारण सापडेपर्यंत साधा स्क्रूच ठेवा, आणि तो उघडाल तेव्हा गेजचा आकडा व पाण्याचा रंग या दोन गोष्टी त्याच कागदावर तारखेपुढे लिहा. प्लंबरला बोलवायची वेळ आलीच तर तो कागद त्याच्या हातात द्या, त्याचा पहिला अर्धा तास वाचेल.